दोन्ही डोळे एकाच गालावर

आधी एक छोटी परीक्षा. पाकट, पापलेट आणि लेप, हे तीन मासे समोर मांडले आहेत. तिन्ही चपटे. आता सांगा बघू, शास्त्रज्ञ यांच्यापैकी ‘चपटा मासा’ कुणाला म्हणतात?

‘तिघांनाही’ असं उत्तर दिलं असेल तर शून्य मार्क. ‘पापलेट’ म्हणाला असाल तरी शून्यच. बरोबर उत्तर आहे, फक्त लेप.

चिडू नका. आधी पाकटाकडे बघू. ते थालीपीठ थापावं तसं वरून दाबलेलं असतं. पाठ वर, पोट खाली, तोंडही खाली. डोक्यावर एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे. नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध रेघ मारली तर दोन्ही अर्धे अगदी सारखे निघतील. शिवाय पाकटाच्या अंगात खरं हाड नसतंच, सगळा सांगाडा कूर्चेचा. ते मुशीच्या, म्हणजे शार्कच्या नात्यातलं.

आता पापलेट. ते दोन्ही कुशींकडून दाबलेलं. ताटात आपण त्याला आडवं ठेवतो म्हणून ते आडवं दिसतं, पण समुद्रात ते उभंच पोहतं. पाठ वर, पोट खाली, एक डोळा डाव्या कुशीला, एक उजव्या. म्हणजे चारचौघांसारखा सरळ मासा, फक्त अंगाने बारीक.

आणि लेप? हे महाराज आयुष्यभर एका कुशीवर पडून असतात. मालवणात यांना लेपा म्हणतात, गोव्यात लेपो. वरची तपकिरी बाजू म्हणजे लेपाची पाठ नव्हे, ती त्याची डावी कूस. खालची पांढरी बाजू म्हणजे पोट नव्हे, ती उजवी कूस. खरी पाठ आणि खरं पोट आहेत दोन्ही कडांना, जिथे परांची झालर असते तिथे. आणि डोळे? दोन्ही वर. एकाच गालावर, एकमेकांना खेटून. खालच्या गालावर डोळाच नाही.

म्हणजे दुसरा डोळा गेला कुठे, हा प्रश्नच चुकीचा. दुसरा डोळा तिथे आला कुठून, असं विचारायला हवं.

अंड्यातून बाहेर पडलेलं चपट्या माशाचं पिल्लू काही मिलिमीटरचं असतं, पारदर्शक असतं आणि अगदी सरळमार्गी असतं. उभं पोहतं. एक डोळा इकडे, एक तिकडे. या वयात त्याला बघून ‘हा पुढे आडवा होणार’ असं तुम्ही मुळीच सांगू शकणार नाही. जपानमध्ये हिरामे नावाचा चपटा मासा टाक्यांमध्ये वाढवतात, त्यामुळे पुढची गंमत तिथे रोजच्या रोज बघता येते. साधारण तीन आठवड्यांचं झालं की पिल्लाचा उजवा डोळा जागेवरून हलायला लागतो. आधी थोडा वर. मग कपाळाच्या कडेवर. मग कडेवरून पलीकडे. हे सगळं दोनेक आठवड्यांत उरकतं. तोवर डोक्याची कवटी पिळवटते, पाठीवरचा पर पुढे सरकत डोक्यापर्यंत येतो, वरच्या कुशीवर रंग चढतो आणि खालची फिकीच राहते. पिल्लू हळूहळू कलतं आणि शेवटी तळाला जाऊन आडवं होतं. पुष्कळशा माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात तरंगून राहतात. मोठ्या चपट्या माशांमध्ये ती नसते. तळाशीच पडून राहायचं तर ती हवी कशाला?

डोळा डोक्याच्या आतून आरपार जातो का, असं मुलं हमखास विचारतात. बहुतेक जातींमध्ये तो कपाळाच्या कडेवरून जातो. पण काही जातींमध्ये पाठीचा पर घाई करतो आणि डोळ्याच्या आधीच पुढे येऊन बसतो. मग वाट अडलेला डोळा त्या पराच्या बुडाखालून, मांसातून वाट काढत पलीकडे निघतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण या काळात पिल्लू जिवंत असतं, पोहतं आणि पुढे ठणठणीत मोठं होतं.

या बदलाची सूचना देतं कोण? थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक. हे तेच, जे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला ‘आता शेपूट टाक आणि बेडूक हो’ असं सांगतं. जपानी संशोधकांनी हिरामेच्या पिल्लांमध्ये एका रसायनाने हे संप्रेरक तयारच होऊ दिलं नाही. पिल्लं वाढली, पण त्यांचा डोळा हलला नाही आणि ती उभीच राहिली. एक निरोप पोचला नाही म्हणून अख्खा मासा आडवा व्हायचा राहिला!

आता बाजारात जाऊन करायचा एक प्रयोग. मासा डोळे वर ठेवून आडवा ठेवा. पोटाकडची कड स्वतःकडे घ्या. ती ओळखायची कशी? डोक्यामागे, कल्ल्याच्या खालच्या अंगाला जो भाग मऊ लागतो, तिथे आतडी असतात, तीच पोटाची कड. आता बघा, तोंड कुठे आलं? डाव्या हाताला आलं तर मासा ‘डावा’, म्हणजे त्याचे डोळे डाव्या कुशीवर आहेत. उजव्या हाताला आलं तर ‘उजवा’.

एवढ्याशा खुणेवरून चपट्या माशांच्या कुलाचा बराचसा पत्ता लागतो. जगात या माशांच्या जाती आठशेच्या आसपास आहेत. त्यांची कुलं किती यावर मात्र एकमत नाही. कुणी 14 धरतं, कुणी 16, आणि दर काही वर्षांनी एखादं कुल फोडून त्याची दोन केली जातात. पण डावं-उजवं बहुतेक पक्कं असतं. लेपाचं कुल, सायनोग्लॉसिडी, डावं. ‘सोल’ म्हणून परदेशी हॉटेलांत मिरवणाऱ्या माशांचं कुल, सोलिइडी, उजवं. बोथिडी डावं. युरोपातल्या टर्बट माशाचं कुल डावं. थंड समुद्रातल्या हॅलिबट आणि प्लेस या माशांचं कुल, प्ल्युरोनेक्टिडी, उजवं.

लेप आणि सोल लांबट अंगामुळे सारखे दिसतात आणि मोठी माणसंही फसतात. तुम्ही फसू नका, तोंड कुठे आलं ते बघा. लेप हातात आहेच तर आणखी जरा जवळून बघा. डोळे मुगाच्या दाण्याहूनही लहान. नाकाडाचं टोक खाली वळून आकड्यासारखं झालेलं. तोंड वाकडं. वरच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन-तीन बारीक रेघा गेलेल्या असतात. पाण्यातली हालचाल ओळखायची ही त्याची इंद्रियं. बहुतेक माशांना अशी एका कुशीवर एकच रेघ असते. आणि कल्ल्याच्या मागे जो पंख्यासारखा पर एरवी असतो, तो लेपाला नाहीच. पाठीचा पर, शेपटी आणि पोटाकडचा पर हे तिन्ही जोडले जाऊन टोकदार शेवट होतो. म्हणजे शेपटी कुठे सुरू झाली हेही सांगता येत नाही! लेपाच्या काही भावंडांच्या ओठांना तर झालर असते.

जपानमध्ये डाव्या-उजव्याची ही खूण घराघरांत माहीत आहे. डावा तो हिरामे, उजवा तो कारेई, असं तिथे मुलांनाही पाठ असतं. पण निसर्गाला नियम करून दिला की तो एखादा आगाऊ मासा पाठवतोच. पट्टेदार परांचा एक चपटा मासा उत्तर प्रशांत महासागरात राहतो, इंग्रजी नाव ‘स्टारी फ्लाउंडर’. तो कारेईच्या, म्हणजे उजव्यांच्या कुलातला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला तो पकडा, साधारण निम्मे डावे, निम्मे उजवे. अलास्कात जा, दहातले सातएक डावे. जपानमध्ये जा, जवळपास सगळेच डावे! एकच जात, एकच महासागर आणि कड बदलली की कूस बदलली. डावं असल्याने जपानमध्ये त्याचा नेमका काय फायदा होतो, हे कोडं भल्याभल्यांना घाम फोडून गेलं आहे.

आणि मग आहे आपला भाकस. हा माझा सगळ्यात लाडका. लेपापेक्षा जाड, तोंड मोठं, दात तीक्ष्ण. कोकणच्या बंदरांवर तो येतो आणि त्याच्याकडे कुणी फार कौतुकाने बघत नाही, पण जगभरातले माशांचे अभ्यासक त्याच्या नावाने भांडतात. कारण भाकसाचा डोळा पलीकडे पूर्ण जातच नाही. तो कपाळाच्या कडेवरच थांबतो. पाठीचा पर डोक्यावर चढत नाही, बराच मागे सुरू होतो. परांना पुढच्या बाजूला काटे असतात, तुमच्या ओळखीच्या इतर माशांसारखे. आणि डावा की उजवा? दोन्ही. अर्धे असे, अर्धे तसे. वेळ आली की हा कूस सोडून उभाही पोहतो. चपटं व्हायचं त्याने मनावर घेतलं, पण अर्धंच.

भाकसाच्या कुलात जगात मिळून तीनच जाती. आपला भाकस तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला. उरलेल्या दोन जाती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला.

‘अर्ध्या वाटेवर थांबलेला डोळा’ या गोष्टीने एकदा चार्ल्स डार्विनची झोप उडवली होती. झालं असं, की 1871 मध्ये सेंट जॉर्ज मायव्हार्ट नावाच्या गृहस्थांनी डार्विनला गाठलं. त्यांचा सवाल असा: तुम्ही म्हणता सजीव हळूहळू बदलत जातात आणि प्रत्येक पायरीवर फायदा व्हावा लागतो. मग चपट्या माशाचा डोळा जरासा सरकला तेव्हा त्याचा काय फायदा झाला? डोळा खालच्याच कुशीवर असेल तर तो थोडा सरकला काय आणि नाही सरकला काय, वाळूतच रुतलेला! सवाल बिनतोड होता. डार्विनने 1872 मध्ये आपल्या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं. माल्म नावाच्या अभ्यासकाने पाहिलं होतं की लहान चपटे मासे तळाशी पडल्यावर खालचा डोळा वर बघण्यासाठी जोर लावून फिरवतात. डार्विनने त्याचाच आधार घेतला. पण सवयीने झालेला बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे त्याचं म्हणणं आज जसंच्या तसं कुणी मानत नाही. खरं सांगायचं तर त्या फेरीत मायव्हार्टचा सवाल डार्विनच्या जवाबापेक्षा जोरकस होता.

पुरावा मिळायला 2008 साल उजाडलं, आणि तो मिळाला कुठे? संग्रहालयांत! उत्तर इटलीत बोल्का नावाची जागा आहे. तिथल्या चुनखडीच्या थरांत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे मासे अख्खेच्या अख्खे दगड होऊन बसले आहेत. त्यातला अँफिस्टियम नावाचा मासा शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षं माहीत होता, पण तो कुणी नीट निरखलाच नव्हता. शिकागोत शिकणाऱ्या मॅट फ्रीडमन या तरुणाने निरखला. दगडाच्या आत काय आहे ते बघण्यासाठी दवाखान्यात माणसांसाठी वापरतात तसं सीटी स्कॅन केलं. तेव्हा दिसलं की एका कुशीचा डोळा बराच वर चढलेला आहे, पण कपाळाची कड त्याने ओलांडलेली नाही. व्हिएन्नाच्या संग्रहालयात असलेल्या दुसऱ्या एका दगडी माशातही तेच. फ्रीडमनने त्या माशाला हेटेरोनेक्टिस असं नाव दिलं. आणि हे मासे पिल्लं नव्हते, पूर्ण वाढलेले होते. म्हणजे अर्धवट सरकलेला डोळा घेऊन मासे खरोखर जगले, मोठे झाले. मायव्हार्ट जिवंत असते तर त्यांना हे दाखवायला मजा आली असती.

पण सावधान! अर्धा डोळा दिसला की तो पुरातन, असं धरून चालू नका. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात ग्रीनलँड हॅलिबट राहतो. त्याचाही एक डोळा कपाळाच्या कडेवर थांबतो आणि तोही उभा पोहू शकतो. पण तो आहे हॅलिबटच्याच कुलातला. पूर्ण आडव्या झालेल्या पूर्वजांकडून तो उलटा अर्ध्या वाटेवर परत आला. दिसायला भाकसाच्या जवळ, नात्याने लांब. चेहऱ्यावरून नातं जुळवायला गेलं की अशी फजिती होते, माणसांत काय आणि माशांत काय.

आता जरा जगाचा नकाशा घ्या. कोणतं कुल कुठे राहतं ते बघताना एक मजेदार गोष्ट लक्षात येते. उष्ण समुद्रात जाती जास्त, थंड समुद्रात मासे जास्त. हिंदी महासागरापासून इंडोनेशिया आणि पश्चिम प्रशांतापर्यंतच्या पट्ट्यात बोथिडी, सोलिइडी आणि लेपाची सायनोग्लॉसिडी, अशा तिन्ही कुलांची नुसती गर्दी आहे. प्रत्येकात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त जाती. पण त्यातल्या बऱ्याच जाती वीतभराच्या आतबाहेर. बोटभर लांबीत आयुष्य काढणारेही पुष्कळ. उलट उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांतात जाती थोड्या, पण जाळी भरभरून मासळी. तिथला अटलांटिक हॅलिबट हा चपट्या माशांतला पहिलवान. अडीच मीटरहून लांब आणि तीनशे किलोंपर्यंत वजन!

काही कुलांनी तर जगाचा आपला एक कोपरा धरला आहे. अकायरिडी हे कुल फक्त अमेरिकेचं. अटलांटिककडे काही जाती, प्रशांताकडे वेगळ्या जाती, आणि काही मासे तर समुद्र सोडून अ‍ॅमेझॉन नदीत घुसलेले. सोलिइडी कुल मात्र एखाददुसरा अपवाद सोडला तर युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाचं. दोघेही उजवे, म्हणून पूर्वी त्यांना एकाच कुलात कोंबलं होतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाकडे रॉम्बोसोलिइडी आहेत. अंटार्क्टिकाच्या भोवतालच्या गार पाण्यात एक कुल आहे, त्यातल्या माशांना कल्ल्यामागचे पर नसतात किंवा अगदी नावापुरते असतात. आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला एक ठिपकेवाला मासा आहे, त्याचं कुलच एकट्याचं. ना भाऊ, ना बहीण, ना चुलत.

आपल्याकडचं सांगायचं तर केरळात मलबार सोल नावाचा लहानसा लेप पावसाळा ओसरला की जाळ्यांत भरघोस येतो. महाराष्ट्र-गुजरातेकडे मिळणाऱ्या लेपांच्या काही जाती त्याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होतात. गंगेच्या मुखाकडे खाडीत आणि नदीत वर चढणारे सोल आहेत. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या अभ्यासकाने 1822 मध्येच गंगेच्या माशांच्या आपल्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे.

सगळ्यात धाडसी मात्र लेपाचा एक भाऊबंद. पश्चिम प्रशांत महासागराच्या तळाशी जिथे ज्वालामुखीतून गरम, गंधकाने भरलेलं पाणी उसळतं, तिथे तो कळपाने पडून असतो. इतर माशांना जिथे जायची छाती होणार नाही, तिथे याची वस्ती! त्याला शास्त्रीय नाव मिळालं 2008 मध्ये.

खोल समुद्राचा विषय निघालाच आहे तर एक जुनं भांडण सांगतो. 23 जानेवारी 1960 या दिवशी झाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघं ‘त्रिएस्त’ नावाच्या पाणबुडीतून समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेत उतरले. जवळपास 11 किलोमीटर खोल! खिडकीतून पिकारला तळावर चपटा मासा दिसला, असं त्याने सांगितलं. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली, माशांच्या अभ्यासकांना डोकेदुखी. चपटे मासे इतक्या खोलवर कधी सापडलेलेच नाहीत. आता आपल्याला कळतं की पाण्याचा दाब सोसायला माशांच्या अंगात एक खास रसायन असतं, आणि त्याचा हिशेब मांडला तर साधारण 8200 ते 8400 मीटरच्या खाली कोणताच मासा तग धरू शकणार नाही. मग पिकारला दिसलं काय? बहुतेक समुद्रकाकडी. ती माशाच्या जातीची नाहीच, तारामाशाच्या नात्यातली. मोठा धाडसी माणूस, पण चपटा मासा ओळखताना चुकला. पहिल्या परीक्षेत शून्य मिळालं असेल तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

तळाशी पडून राहणाऱ्याला जीव वाचवायला काहीतरी युक्ती लागते. बोथिडी कुलाची युक्ती म्हणजे रंग बदलणं. फ्रान्सिस समनर या शास्त्रज्ञाने 1911 मध्ये इटलीतल्या नेपल्समधल्या माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने टाकीच्या तळाशी वाळूऐवजी चित्रं ठेवली: ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. माशांनी आपल्या कुशीवरचे डाग जमतील तेवढे तसे करून दाखवले. खरा पट समुद्रात कोण मांडतं? तरीही मासे प्रयत्न सोडेनात. तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये उष्ण समुद्रातले बोथस मासे घेऊन घड्याळ लावलं. रंग जुळवायला लागले 2 ते 8 सेकंद! तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत बोथस वाळूत दिसेनासा झालेला असतो. आणि हे सगळं तो डोळ्यांनी बघून करतो. दोन्ही डोळे वर असण्याचा फायदा तो हाच.

तांबड्या समुद्रातला एक सोल मात्र नुसत्या लपण्यावर अवलंबून नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ यूजिनी क्लार्क शार्कचा अभ्यास करत होत्या. त्यांनी हा ठिपकेदार सोल हातात धरला तेव्हा त्याच्या परांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून दुधासारखा रस बाहेर आला. मग शार्कच्या टाकीत हा सोल सोडून बघितला. शार्क जोरात आला, तोंड उघडून चावायला गेला आणि जबडा उघडाच राहिला. मिटेना! शार्क डोकं झटकत पळाला. हे 1970 च्या दशकातलं. त्या रसाची एरवीच्या शार्करोधकांपेक्षा जास्त मातब्बरी असल्याचं लक्षात येऊन पुढे त्याचा बराच अभ्यास झाला. पण अडचण अशी की त्याचा परिणाम टिकत नाही, म्हणून पोहणाऱ्यांसाठी शार्क पळवणारं मलम काही बाजारात आलं नाही.

आता शेवटचा झगडा, आणि त्यात पुन्हा भाकसच. डोळा सरकण्याची करामत माशांच्या इतिहासात एकदाच घडली की दोनदा? म्हणजे भाकस आणि बाकीचे सगळे चपटे मासे एकाच पूर्वजाचे वंशज, की भाकसाने आपलं आपण आडवं व्हायला शिकून घेतलं? 2021 मध्ये एका गटाने अनेक चपट्या माशांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या अंगातली सगळी जनुकीय माहिती वाचून काढली आणि सांगितलं, दोनदा. 2024 मध्ये दुसऱ्या गटाने जास्त काटेकोर तपासणी करून सांगितलं, नाही, एकदाच. माझं मत विचाराल तर 2024 च्या बाजूला झुकतं. डोळा सरकवणं एवढी आडमुठी युक्ती पुनःपुन्हा सुचेल असं वाटत नाही. पण खटला अजून पुरता मिटलेला नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही गट मान्य करतात, आणि ती ऐकून तुम्ही उडालच. लेप-भाकसांचे समुद्रातले जवळचे नातेवाईक कोण? हलवा. रावस. जिताडा. शिवाय तलवारीसारखी चोच मिरवणारा तलवार मासा, आणि शार्कला डोक्याने चिकटून फिरणारा चिकट मासाही त्याच गोतावळ्यातला. आणि पापलेट? ते बांगडा आणि सुरमईच्या बाजूचं. म्हणजे बाजारात काळं पापलेट म्हणून हलवा खपवला जातो, ते दोघं दिसायला भाऊभाऊ, पण हलव्याचं जास्त जवळचं नातं आहे लेपाशी!

तुमच्या घरी किंवा गावच्या बंदरावर भाकस दिसला तर पोटाची कड आपल्याकडे घेऊन तोंड कुठे येतं ते नक्की बघा. डावा की उजवा, कुठल्या बंदरावर, कोणत्या महिन्यात, हे एका वहीत लिहून ठेवा. दहा-वीस नोंदी झाल्या की आम्हाला पाठवा. कोकणातले भाकस खरोखर निम्मे-निम्मे आहेत का, ते आपण मिळून मोजू.